बसा की पेटीवर, साहेब

—न्हाई न्हाई, त्या स्टुलावर नका बसू, त्येचा एक पाय डुगडुगतोय. पेटीवर बसा. हां, तीच, लाकडी. टेका निवांत. मी नवशा. नवशा मिस्त्री म्हनलं की खंडाळ्यापासनं कामशेतापतुर कुनीबी बोट दावंल — गाडीची वायर न् वायर बगनारा ह्या रोडला मी एकलाच. इंजिनला हात लावत न्हाई, ते काम दुसऱ्याचं. आपलं दिवं, हॉर्न, डायनामो, बॅटरी. तर तुमी म्हनलात, मुंबईस्नं निघालात, घाट चडून आलात आन् म्होरल्या फळीवरचा लाल दिवा लागला तो इझंनाच — व्हय ना? तो इझाया पायजे. गाडी पळाया लागली की डायनामो बॅटरी भरतो, मग लाल दिवा जातो. तुमचा जात न्हाई, म्हंजे भरनं बंद. बगितलं मी — डायनामो ठीक, पट्टा ठीक. गेलाय तो ह्यो. ह्यो काळा डबा, आत बसवलेला. कटआउट म्हनत्यात. डायनामोनं बॅटरीला कवा द्यायचं, किती द्यायचं, कवा हात आखडायचा, समदं ह्यो ठरवतो. दिसाया एवढुसा, पर ह्यो बिगडला की गाडी आंधळी. आन् वडील तुमचं पुन्याला दवाखान्यात, पाच वाजता त्यांना आपरेशनला आत नेनार, त्येच्या आदी त्यांना तोंड दावायचंय — समजलं साहेब, तीनदा सांगितलंत. आता अडीच झाल्यात. नवा डबा घालाया मला घटकाभर पुरं. डबा तेवढा हातात न्हाई. बजरंगला धाडलंय सायकलवर, कार्ल्याला एका टायरवाल्याकडं हाय, घिऊन यील अर्ध्या तासात. तवर मी जुना काढून ठिवतो.

बॅटरीची तार आदी सोडायची, मग डब्याला हात. बगा, पाच वायरी हैत. डब्यावर विंग्रजी अक्षरं कोरल्यात, एकेका वायरीचं एकेक. मला ती वाचता येत न्हाईत. मग काय करतो मी? सुताच्या गाठी. पैल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन, आशा पाचवीला पाच. नवा डबा आला की गाठी मोजायच्या आन् ज्येची जागा त्येला. एक जरी वायर चुकली तर नवा डबा बसल्या जागी धूर सोडतो. शिकलेल्या मिस्त्र्यांनी जाळलेलं डबं पाह्यल्यात मी — गाठीवाल्याचा एक न्हाई. ह्ये घ्या, झाकन उघडलं. ह्ये दोन टिकल्या दिसत्यात? काळ्या पडल्यात पार. ह्या एकमेकीला टेकल्या तर बॅटरी भरनार. जळल्यात म्हनून टेकत न्हाईत. खरंच गेलाय, साहेब, मी उगा बोलत न्हाई. आन् ह्यो जुना डबा तुमच्या हातात देनार जाताना, ती आमच्या रोडची रीत हाय. न्हाईतर मानूस पुन्याला जाऊन म्हनतो, चांगला माल काढून घेतला मिस्त्रीनं.

गाडी मातुर जपलीय हां. वडलांची? वाटलंच. दिव्याच्या वरल्या अर्ध्याला काळा रंग तसाच ठिवलाय — लढाईतला ना, गेल्या सालचा, इमानाला उजेड दिसू नये म्हनून? समद्यांनी खरवडून काढला, तुमी ठिवलाय. आसू दे. आन् ह्ये म्होरलं मडगार्ड — हितं, दिव्याच्या जवळ, रंगाला फोड आल्यावानी हाय. वरनं दोनदा रंग मारलाय तरी बोटाला लागतो. कशाचा हाय? ठावं न्हाई? लहानपनापासनं बगताय? हां, तवापासनंच आसंल. बंगला कुटं तुमचा, तुंगार्लीला? तळ्याच्या अलीकडचा, दगडी खांबाचा? म्हंजे त्र्यंबकराव वकिलांचं तुमी चिरंजीव! बगा की, आदी न्हाई सांगायचं? वळखीचीच मानसं. आता तर तुमचं काम मी सोता जातीनं करनार.

काय? कसली शिट्टी? घाटात गाडीला मागनं रेटनारं बँकरचं इंजिन आसंल, ती चालूच आसत्यात दिवसभर. जरा थांबा हां, ह्यो खिळा ठोकू द्या — हं — हं — हं — हां. गेली वाटतं. न्हाई, शिट्टी म्हनलो. काय म्हनत व्हतो मी? यष्टी? न्हाई मिळायची साहेब. मुंबईवरनंच भरून येत्यात, हितं हात केला तरी थांबत न्हाईत. आन् वडलांची गाडी आशी पोट उघडी टाकून जानार व्हय? सव्वातीन तर झाल्यात. बजरंग येतोच. कार्ल्याचा चढ हाय येताना, सायकल हातात धरून यावं लागतं.

चहा घ्या. घ्या वो. मी कटआउट ह्यो शबुद कवा ऐकला सांगू? अकरा वर्सांचा व्हतो. गाडी दुरून बगितलेली, हात लावला नव्हता. तळ्याच्या वरल्या अंगाला आमची वाडी — सात घरं. कुनी भात लावायचं, कुनी सायबांच्या बंगल्यावर गवत काढायचं. माजा बा तुमच्याकडं राखनदार व्हता. सावळा. आठवतो? बागंला पानी घालायचा, कानात बाळी. तुमाला खांद्यावर घिऊन तळ्यावर मासं दावाया न्यायचा — हां! त्योच. त्येचा मी पोरगा. बगा, तुमाला हसू आलं. लय चांगला मानूस, म्हनता? व्हता. बसा, बसा. रोडकडं बगून बजरंग लौकर येत न्हाई.

तर भातकापनी चाललेली. माजी भन गंगी, आठ वर्सांची. पेंढ्या उचलत व्हती, तिला घोनस डसली पायाला. दिस कलला व्हता. तिला पाठीवर घिऊन बा बाजारात डाक्टरकडं गेला. डाक्टरनी पाय बांधला आन् सांगितलं, ह्येचं औषध हितं न्हाई, तळेगावला दवाखान्यात न्या, बिगी न्या, वाचंल. वाचंल म्हनला. पॅसेंजर निघून गेलती. मग बा धावत तुमच्या बंगल्यावर आला, मी त्येच्या मागं. वकीलसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत. त्यांनी समदं ऐकून घेतलं हां, मानूस वाईट बोलनारा नव्हं. उठले. बाच्या खांद्यावर हात ठिवला. म्हनले, "अरे सावळ्या, नेली असती रे. पण गाडीचे दिवे लागत नाहीत. कटआउट गेलाय. अंधार पडायला आला, घेऊन जाऊ कसा?" पैल्यांदा तवा ऐकला मी ह्यो शबुद. कटआउट. मला वाटलं, कायतरी लय मोटं आसंल.

आता दुसरा कुनी आसता तर काय म्हनला आसता? चला, नशीब. न्हाई. माजा बा वाडीला पळाला. कारवीच्या काड्या आमच्याकडं ढिगानं — त्येच्या चुडी बांदल्या, हाताएवढ्या जाड. सात घरातली सात मानसं घिऊन आला, समद्यांच्या हातात पेटलेल्या चुडी, आन् गंगीला आयच्या कडंवर देऊन बंगल्याच्या फाटकात उबा. म्हनला, "साहेब, दिव्याची काळजी सोडा. आमी म्होरं पळतो. गाडी हळू चालवा तुमी, आमी तळेगावपतुर पळतो उजेड दावत. दमलो तर वाटंत वलवनला मानसं हैत, कार्ल्याला हैत, वळखीची हैत, ती घेतील चुडी." हसू नका. न्हाई, तुमी हसत न्हाई, मला दिसतंय. पर मी हसतो आता कवा कवा. येवढा भोळा मानूस! त्येला वाटलं, अडचन उजेडाची हाय. सांगितलं ना साहेबांनी, दिवं न्हाईत — मग दिवं आनले. गाडीजवळ गेला आन् चूड दिव्याम्होरं धरून दावाया लागला, "ह्यो आसा उजेड पडंल बगा, साहेब, ह्यो आसा." तवा लागली आच मडगार्डाला. हितं. ह्यो तुमचा फोड. तवर वकीलसाहेब एकबी शबुद वाकडा बोलले नव्हते — तवा ओरडले. "रंग! अरे गाढवा, रंग!" आन् आत गेले. दार लावलं.

साडेचार. तुमी सारखं घड्याळ बगताय म्हनून सांगितलं. मला बिन घड्याळाचं कळतं. बजरंगला काय झालं कुनाला ठावं, पंक्चर आसंल. ऐका, थोडंच राह्यलंय. मग घोंगडीची झोळी केली, बांबूला बांदली आन् निघाले रस्त्यानं. मोट्या रोडला ट्रक थांबंल एखांदा म्हनून. ट्रक कुटलं थांबत्यात, सात मानसं चुडी घिऊन रोडला उबी बगून! दरोडेखोर वाटलो आसनार त्यांना. चालत ऱ्हायलो. बाजार सोडला न्हाई सोडला तवर मागनं हॉर्न. लांब, दाबून धरलेला. आमी कडंला झालो. गाडी गेली आमच्या अंगाला घासून — हीच करडी गाडी, आन् दोनी दिवं, साहेब. दोनी! लख्ख. नंतर कळलं, टेशनावर पावनं आनाया निघालेले. तेवड्या उजेडात मी गंगीचं तोंड बगितलं. चुडीच्या उजेडात दिसत नव्हतं नीट, गाडीच्या उजेडात दिसलं. निळं झालतं. आन् गाडीत मागल्या शिटवर एक पोरगं व्हतं, काचंला नाक लावून. डोक्याला लोकरीची टोपी. माज्याकडं बगत व्हतं.

किती वर्साचं व्हता तवा तुमी? सात? मग तुमीच.

कार्ल्याच्या फाट्यावर बा म्हनला, खाली ठिवा. पैल्यांदा कुनाला समजलं न्हाई. परत म्हनला, आता खाली ठिवा. मी त्येला इचारलं, बा, कटआउट म्हंजे काय? त्येनं झोळीची गाठ सोडली. मग म्हातारा हुईस्तवर त्यो तुमच्याकडंच बागंला पानी घालत ऱ्हायला, कदी एक शबुद काडला न्हाई. मला आग लागायची बगून. इचारावं तरी एकदा! म्हनून मी ह्यो धंदा शिकलो. म्हनलं, बाला न्हाई तर न्हाई, मला कळाया पायजे काय आसतं ते. मुंबईला गेलो, चार वर्सं दुसऱ्याच्या हाताखाली मार खाल्ला. आन् पैला डबा उघडला तवा कळलं — कटआउट गेला म्हनून दिवं जात न्हाईत, साहेब. बॅटरीवर लागत्यात. तासभर, दीड तास आरामात. तळेगाव तर वीस मैल. खोटंसुद्धा नीट बोल्ले न्हाईत वकीलसाहेब. आमच्यासाटी तेवडी तसदी कोन घेनार!

उठताय का? बसा. बसा म्हनतो ना. गाडीच्या वायरी सुटल्यात, कुटं जानार? तुमाला ठावं नव्हतं, म्हनता. नसंल. काचंला नाक लावलेल्या पोराला काय ठावं आसनार. वडलांनी मुद्दाम केलं नसंल, म्हनता? — आता ह्ये मातुर मला सांगू नका. मला ठावं हाय कसं आसतं ते. पोरगी निळी पडलीय, अंगातनं घान गळतीय, शिटा नव्या कोऱ्या. गाडीत मेली तर पंचनामा, पोलीस, पावनं टेशनावर. ह्ये समदं एका पळात डोक्यात येतं आन् तोंड आपलं आपन बोलतं — दिवं लागत न्हाईत. ठरवून न्हाई बोलत मानूस. आन् बोलताना म्होरच्याच्या डोळ्यात बगत न्हाई, पायाकडं बगतो. कोंडूच्या पायात तर वहानबी नव्हती, गुडघ्यापतुर रगात, त्येच्या बायकूचं, बायाचं, आन् त्यो म्हनतोय नवशादादा, तुज्याकडं हाटेलवाल्याची गाडी हुबी हाय, बाळंतीन हाय रं, रगात थांबंना, आन् मी त्येच्या पायाकडं बगून—

कोन कोंडू? हाय एक. आमच्या वाडीचा. त्येच्या बापानं चूड धरलेली त्या दिशी, कार्ल्यापतुर पळाला.

ते सोडा. ती गाडी गिऱ्हाइकाची व्हती. नव्या शिटा. दुसऱ्याची गाडी न इचारता कशी न्यायची? आन् त्यो तरी हुज्जत घालतोय का! त्येनं काय केलं आसंल — गेला आन् चुडी घिऊन आला. सतरा वर्सांनी! म्हनला, दादा, मी म्होरं पळतो. मी शटर खाली वडलं. बाया सकाळपतुर व्हती म्हनत्यात. न्हाई, मी गेलो न्हाई तितं. कोंडू ह्याच रोडनं जातो रोज, खडी फोडाया. बगत न्हाई माज्याकडं. मी हाका मारतो, चहा पी म्हनतो. बगत न्हाई. एकदा तरी इचारावं त्येनं! आमच्या लोकांना इचारायची सवयच—

काय बगताय आसं माज्याकडं? काय बगताय? तुमी बगू नका. दुसऱ्या कुनीबी बगावं, तुमी न्हाई.

ऐकला? भोंगा. नगरपालिकेचा. पाचचा.

उठा आता. उठा, पेटीवरनं उठा साहेब, झाकन काडायचंय. — हां. ह्यो बगा नवा डबा. कोरा. कागुदसुदा काडलेला न्हाई. सा म्हैने पडून हाय हितं, तुमच्या बुडाखाली. बजरंग? कोन बजरंग? माज्याकडं न्हाई कुनी बजरंग-बिजरंग, मी एकलाच आसतो. धरा जरा, ह्यो स्क्रू धरा. एक गाठ — हितं. दोन — हितं. तीन. चार. पाच. बगितलं? बारा मिंटं बी लागत न्हाईत. सुरू करा. मारा किल्ली. — इझला का लाल दिवा? इझला. काम चोख हाय, त्येच्यात मी कदी कुनाला फसवत न्हाई.

आन् ऐकून ठिवा, पुन्यांदा कामाला यील. अडीचला आलात तवा बॅटरी तुमची भरलेली व्हती, काठोकाठ. दिवसाउजेडी गाडीला बॅटरी लागती किती? नुस्ती ठिनगी पडाया. लाल दिवा तसाच जळत ठिवून निघाला आसता तर चाळीस मैल काय, साठ मैल गेला आसता. चारला वडलांच्या उशाशी बसला आसता. आन् ती शिट्टी, म्या ठोकत व्हतो तवा — ती सव्वातीनची पुन्याची पॅसेंजर. पाचच्या आत शिवाजीनगर. टेशन हितनं दोन फर्लांग.

पैसं? नको. तुमच्याकडनं नको. न्हाई म्हनतो ना, त्या खिशात घाला. रडू नका हितं, रोडवरची मानसं बगत्यात. ह्यो घ्या. जुना डबा. सांगितलं व्हतं ना, आमची रीत — गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घ्या की. तसंच धरा, वरनं तेल लागलंय. वडील जागं झालं तर त्यांना दावा. म्हनावं, सावळ्याच्या पोरानं दिलाय. म्हनावं, ह्या खेपंला खरंच गेला व्हता.

जावा. वडगावपतुर अंधारंल, दिवं लावा. आन् साहेब — म्होरं वळनावर कोंडू आसंल, खडीवरनं घरी निघाला आसंल ह्या वक्ताला. डोक्याला लाल फडकं. त्येला हॉर्न मारू नका. कडंनं जावा.